विळी लागेपर्यंत

अख्खा, कोरडा, सालीसकट कांदा नाकाशी धरून पाहा. मातीचा हलका वास येईल, कदाचित पोत्याचा. कांद्याचा येणार नाही. जिन्यात पाऊल टाकताच कोणाच्या घरी काय शिजतंय ते सांगणारा, कच्चा खाल्ला तर संध्याकाळपर्यंत तोंडातून न जाणारा तो वास त्या क्षणी कांद्यात नसतोच. विळीचं पातं आत शिरतं आणि पुढच्या काही सेकंदांत तो जन्माला येतो.

हे कळलं तेव्हापासून कांद्याचं लोणचं घालणं माझ्यासाठी नुसतं स्वयंपाकातलं काम राहिलेलं नाही. कांदा टिकवायच्या जेवढ्या रीती माणसाने शोधल्या, त्या सगळ्या या काही सेकंदांशी खेळतात. कुठे ती क्रिया तिथल्या तिथे थांबवली जाते, कुठे ती मुद्दाम पूर्ण होऊ दिली जाते आणि तिच्यातून जे निघालं ते वर्षभर धरून ठेवलं जातं. बरणीत पुढे काय होणार याचा निम्मा निकाल विळीवरच लागलेला असतो.

शाळेत सूक्ष्मदर्शकाखाली आपण पाहिलेली पहिली पेशी बहुधा कांद्याचीच होती. पाकळीच्या आतला पातळ पापुद्रा, काचपट्टी, आयोडिनचा थेंब आणि ओळीने लागलेली लांबट घरं. त्या प्रत्येक घरात दोन खोल्या असतात, हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. एका खोलीत, म्हणजे पेशीद्रवात, आयसोअ‍ॅलिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. त्याला ना वास, ना झणका. दुसऱ्या खोलीत, म्हणजे रिक्तिकेत, अ‍ॅलिनेज नावाचं एन्झाइम असतं. मध्ये एक पातळ पडदा. तो शाबूत आहे तोवर काहीच घडत नाही. उंदराने कुरतडलं, अळीने भोक पाडलं किंवा आपण विळी चालवली की पडदा फाटतो, दोघांची गाठ पडते आणि कांदा पेटतो. कांद्याच्या बाजूने पाहिलं तर हा शुद्ध बचाव आहे. पुढच्या हंगामासाठी जमिनीत साठवलेलं ते अन्न; त्यावर टपलेले पुष्कळ. हत्यार आधीच तयार करून ठेवलं तर स्वतःच्याच पेशी भाजतील, म्हणून दोन निरुपद्रवी भाग वेगवेगळे ठेवायचे आणि हल्ला करणाऱ्याच्या दातांनीच ते एकत्र आणायचे! वनस्पतीला मेंदू नसतो हे खरं, पण ही योजना वाचून माणूस थक्क होतो.

डोळ्यांत पाणी आणणारं द्रव्य या साखळीतली पुढची कडी. अ‍ॅलिनेजचं काम झालं की ते आपोआप तयार होतं, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. तयार करी विकणाऱ्या हाउस फूड्स या जपानी कंपनीत शिन्सुके इमाई आणि त्यांचे सहकारी कांदा-लसणाच्या मिश्रणाचा रंग का बिघडतो याच्या मागे लागले होते. त्यातून २००२ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवून दिलं की इथे एक दुसरं, स्वतंत्र एन्झाइम आहे आणि त्याचं काम फक्त रडवणं. ते नसेल तर कांद्याला चव राहते, अश्रू येत नाहीत.

पण या कथेतला माझा सगळ्यात आवडता माणूस फिनलंडचा आहे. आर्तुरी इल्मारी विर्तानेन. १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं ते मुख्यतः गुरांचा चारा टिकवण्याच्या पद्धतीसाठी. फिनलंडचा हिवाळा लांब, गाईंना हिरवा चारा मिळायचा नाही, दूध आणि लोणी निकस व्हायचं. हिरवं गवत साठवलं तर कुजायचं. विर्तानेन यांनी त्यावर पातळ केलेलं आम्ल शिंपडलं आणि त्याचा सामू ४ च्या खाली आणला. सामू म्हणजे आंबटपणाचं माप. शुद्ध पाण्याचा ७, आणि आकडा जितका खाली तितकं ते आंबट. ४ च्या खाली आल्यावर कुजवणारे जीवाणू हतबल झाले, गवत हिरवं आणि सकस राहिलं. थोडक्यात, त्यांनी गाईंसाठी गवताचं लोणचं घातलं आणि जगाने त्यांना नोबेल दिलं. याच विर्तानेन यांनी पुढे, १९६० च्या आसपास, कांद्यात डोकं घातलं आणि अश्रूंच्या मागचं मूळ द्रव्य ओळखलं: तेच ते पेशीद्रवातलं गंधकी द्रव्य. कांद्याच्या लोणच्याला जे दोन धागे लागतात, आंबटपणाने अन्न टिकतं हा एक आणि कांदा कापल्यावर पेटतो हा दुसरा, ते दोन्ही एकाच माणसाच्या हातातून गेले. लोणच्याच्या पुस्तकांत त्यांचं नाव यायला हवं असं मला फार वाटतं.

आता न कापलेल्या कांद्याकडे वळू, कारण टिकण्याची विद्या त्याला आपल्याहून जास्त येते. नाशिककडे उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत दिवाळीच्या तोंडापर्यंत राहतो. ना शीतगृह, ना औषध. शेतकरी निम्म्याहून जास्त माना पडायची वाट पाहतो. पात आडवी झाली की तिच्यातला रस गड्ड्यात उतरतो, मान आवळत जाते आणि वरचं दार बंद होतं. मग शेतात पातीच्या सावलीत सुकवण, मग जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी चाळ. आपल्याला वाटतं थंडीत वस्तू टिकते. कांद्याचं गणित निराळं आहे. त्याला कोंब फुटतात ते मुख्यतः १० ते २० अंश सेल्सियसला. गोठणबिंदूच्या जवळ तो झोपतो, आणि २५ ते ३० अंशांतही झोपतो. आपल्या उन्हाळ्याची धग ही त्याची अंगाई आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला २००२ मध्ये विकिरण केंद्र सुरू केलं तेही याच झोपेसाठी; गॅमा किरणांच्या अगदी थोड्या मात्रेने कांद्याचा कोंब उमलतच नाही.

साल दिसते कागदासारखी, म्हणून आपण ती फुकट समजतो. १९२९ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी रंगीत कांद्याच्या सालीतून एक आम्ल वेगळं काढलं, प्रोटोकॅटेच्युइक आम्ल, आणि दाखवलं की कांद्यावर काळे डाग पाडणारी एक बुरशी त्यापुढे टिकत नाही. पांढऱ्या कांद्याच्या सालीत ते नसतं, म्हणून त्याला तो रोग पटकन धरतो. रोगाला तोंड देणारं रसायन वनस्पतीतून नेमकं हाती लागल्याच्या पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. त्या संशोधकांतले कार्ल पॉल लिंक पुढे वॉरफरिन या रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधामुळे जगाला माहीत झाले. त्यांचं कांद्याच्या सालीवरचं काम मागे पडलं.

आपल्याकडे कैरीची, लिंबाची, मिरचीची लोणची ओळीने दिसतात आणि कांद्याचं क्वचितच, त्याचं एक कारण मला इथेच दिसतं. जो आपणहून पाच-सहा महिने टिकतो त्याला बरणीत कोण घालणार? शिवाय लोणचं हे नैवेद्याच्या पानातही डाव्या बाजूला वाढायचं. आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, पोटभर कांदाभजी खाऊन चातुर्मासात कांदा बंद करणाऱ्या घरांत तो वर्षाच्या बरणीत कसा शिरणार? पण कांदा टिकवायची मराठी रीत नाहीच असं मात्र नाही. ती आहे आणि फार थोर आहे. फक्त ती लोणच्याच्या फळीवर ठेवलेली नसते. तिच्याकडे मी शेवटी येतो.

कांदा एकदा सोलला, कापला की मान, साल, झोप, सगळे पहारे उठतात. ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त पाणी, त्यात साखरा, सामू साडेपाचच्या आसपास. जीवाणूंना याहून चांगलं काय हवं? इथून पुढे पहारा आपण द्यायचा.

सगळ्यात सोपा पहारा सिरक्याचा. लोणच्यासाठी बाजारातला गोल्टी कांदा घ्यावा. तो लहान, घट्ट आणि स्वस्त. लाल-जांभळा असेल तर उत्तम. दोन-चार कांद्यांच्या गोल चकत्या करा, काचेच्या बरणीत भरा आणि उकळलेला सिरका, मीठ, थोडी साखर, चार मिरे, दालचिनीचा तुकडा असं सगळं गरम असतानाच ओता. मग बरणी उजेडात ठेवून बसा. मी अजूनही बसतो. पहिल्या मिनिटाला दिसतं की जांभळा रंग चकतीभर नाहीच. प्रत्येक कड्याच्या बाहेरच्या काठाला त्याची बारीक रेघ आहे, आतला गर पांढरा. पाचेक मिनिटांत त्या रेघेच्या कडा पुसट होऊ लागतात. पंधरा-वीस मिनिटांत सिरक्याला गुलाबी झाक येते. सकाळी पाहावं तर रेघ नाहीशी, आणि पांढरा गर आरपार गुलाबी.

रंगाचं द्रव्य, अँथोसायनिन, पाकळीच्या पापुद्र्यातल्या पेशींत कोंडलेलं होतं. उष्णतेने आणि आम्लाने पेशींचे पडदे मोडले, रंग बाहेर सांडला आणि बरणीभर वाटला गेला. एवढंच नाही, तो बदललाही. अँथोसायनिनचा रेणू आंबट पाण्यात एक रूप घेतो तेव्हा लाल-गुलाबी दिसतो. आम्ल कमी होत गेलं की जांभळट, निळसर होतो. चमचाभर गुलाबी सिरका वाटीत काढून त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फसफसून झालं की रंग निळसर-हिरवट राखाडी होईल. लगेच लिंबू पिळा, गुलाबी परत येईल. हॉटेलांत रंग गडद दिसावा म्हणून बिटाची फोड टाकतात. मला ते अजिबात पटत नाही. कांद्याकडे स्वतःचा रंग असताना दुसऱ्याचा का उसना घ्यायचा?

दूर मेक्सिकोच्या युकातान भागात हीच गुलाबी चकती कडू-आंबट संत्र्याच्या रसात मुरवतात आणि मांसाच्या पदार्थांवर घालतात. आम्ल कुठलंही चालतं, रेणूला त्याचं मूळ गाव ठाऊक नसतं.

आता झणक्याचं. चकत्या कापल्या कापल्या उकळत्या सिरक्याखाली गेल्या तर अ‍ॅलिनेज उष्णतेने आणि आम्लाने तिथेच थंडावतं. लोणचं सौम्य, गोडसर होतं. त्याच चकत्या कापून दहा-पंधरा मिनिटं परातीत पडू दिल्या आणि मग गार सिरका घातला तर हत्यार आधीच परजून झालेलं असतं. लोणचं नाकात जातं. साहित्य तेच, माप तेच, फक्त वेळ निराळी. कोणतं बरं, हे ज्याच्या त्याच्या जिभेचं. पिठलं-भाकरीशेजारी मला दुसरं हवं असतं.

एक सावधगिरी. आपल्याकडच्या बाटलीतला सिरका साधारण ४ टक्के आम्लाचा असतो. त्यात बरोबरीने पाणी घातलं की ताकद निम्मी, शिवाय कांदा स्वतःचं पाणी सोडणार. असं लोणचं फ्रिजमध्ये ठेवून दोनेक आठवड्यांत संपवायचं. महिनोन्‌महिने टिकवायचं असेल तर पाणी न घालता सिरका, आणि त्याआधी मीठ. इंग्रज घरांत लहान अख्खे कांदे सोलून एक रात्र मिठात ठेवतात, मग निथळून जवाच्या सिरक्यात बुडवतात आणि महिनाभर तरी झाकण उघडत नाहीत. मीठ कशाला? पेशीबाहेर खारट पाणी असलं की पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. तेवढी जागा रिकामी होते, पुढे सिरका फिका पडत नाही आणि कांदा कुरकुरीत राहतो. आणि महिना का? प्रत्येक पाकळीला दोन्ही अंगांनी पापुद्रा आहे. सिरका मुख्यतः मुळाकडच्या आणि मानेकडच्या कापांतून आत शिरतो, थर ओलांडत मध्यावर पोचायला त्याला वेळ लागतो. मध्यावरचा कोंब चावून पाहिला की मुरलं की नाही ते लगेच कळतं.

सिरका न घालताही कांदा आंबट होतो, आणि मला ही रीत जास्त विलक्षण वाटते. कांदे आणि पाणी मिळून एक किलो वजन झालं तर २५ ते ३० ग्रॅम मीठ, कांदे पूर्ण बुडलेले, वर वजन, झाकण सैल. बस. बाहेरून काहीही घालायचं नाही. कांद्यावर मुळातच वसलेले लॅक्टिक आम्ल बनवणारे जीवाणू मिठाला जुमानत नाहीत. कुजवणारे बरेचसे मात्र मिठाने लंगडे होतात. आधी ल्युकोनोस्टॉक जातीचे जोर धरतात, बरणीत बुडबुडे चढू लागतात, पाणी गढूळ होतं. त्यांनी केलेल्या आम्लात पुढे त्यांचाच जीव घाबरा होतो आणि आणखी आंबट सोसणारे दुसरे लॅक्टिक जीवाणू जागा घेतात. ज्या गंधकी हत्याराने कांद्याने उंदीर, अळ्या आणि बुरशी थोपवली, त्यातही हे जीवाणू तग धरतात आणि आपल्यासाठी दुसरा पहारा उभा करतात. गोव्यात माडाच्या सुरेचा सिरका होतो तोही अशाच पाळ्यांनी: आधी यीस्ट साखरेचं मद्य करतं, मग दुसरे जीवाणू मद्याचं आम्ल. आणि त्याच सिरक्यात परतलेला कांदा, लाल मिरची आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, एकत्र येऊन बालचांव बनतं, पावसाळ्यात मासेमारी बंद असताना पानात समुद्राची चव आणणारं.

पांढऱ्या कांद्याची बरणी कधी कधी आपणहून गुलाबी पडते, लसणाचं लोणचं हिरवं-निळं पडतं. लोक घाबरून फेकून देतात. वास, चव, बुडबुडे सगळं ठीक असेल तर फेकायचं कारण नाही. यामागेही तेच आयसोअ‍ॅलिन आहे: त्याच्यापासून निघालेली द्रव्यं अमिनो आम्लांशी जुळतात आणि रंगीत रेणू तयार होतात. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात लसूण सिरक्यात घालून तो पाचूसारखा हिरवा व्हायचीच वाट पाहतात. पुण्याजवळ राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथल्या पांढऱ्या वाणांना वाळवणीच्या कारखान्यांसाठी महत्त्व येतं त्यात रंगाचा वाटा मोठा. अलिबागचा पांढरा कांदा मात्र मी लोणच्यात घालणार नाही. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला, पातीच्या वेण्या घालून माळेने विकला जाणारा, कच्चाच फोडून खावा असा तो गोड कांदा. त्याला सिरक्यात बुडवणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकणं.

तेलाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. आपल्या मनात पक्कं बसलंय की वर तेलाचा थर आला की लोणचं सुरक्षित. कैरीच्या, लिंबाच्या बाबतीत ते खरं ठरतं, कारण कैरी स्वतःच कमालीची आंबट. तेल फक्त बुरशीला हवा मिळू देत नाही. कांद्याला स्वतःचा आंबटपणा नाही. मातीतून आलेल्या कांद्यावर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत, आणि हवा नसलेली, आंबट नसलेली, ऊबदार जागा मिळाली की ते जागे होऊन जगातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक तयार करतात. १९८३ साली अमेरिकेतल्या पिओरिया शहरात एका उपाहारगृहात लोण्यासारख्या स्निग्धात परतलेला कांदा कोमट ठेवला होता. तो खाऊन २८ जण आजारी पडले. स्निग्धाच्या थराखाली हवा नव्हती, एवढं पुरलं. सामू ४.६ च्या खाली असेल तर हा जीवाणू वाढत नाही. म्हणून कांद्याचं तेलातलं लोणचं करायचं तर त्यात लिंबाचा रस, सिरका किंवा कैरी भरपूर हवी, आणि तरीही ते फ्रिजमध्येच ठेवावं.

खानदेश-विदर्भातला कैरी-कांद्याचा तक्कू आठवा. किसलेली कैरी, किसलेला किंवा बारीक चिरलेला कांदा, गूळ, मीठ, तिखट, वर फोडणी. ज्या कोणी पहिल्यांदा हे दोन एकत्र आणले त्यांना सामू माहीत नव्हता, पण कांद्याला जे कमी आहे ते कैरीने पुरं केलं. तो चार-सहा दिवसांतच संपतो ही गोष्ट वेगळी.

आणि लोणच्यातली मोहरी! अख्खा दाणा चावला तर फारसं काही होत नाही. तीच मोहरी पाणी घालून फेसली की नाकाला झिणझिण्या येतात. मोहरीतही दोन द्रव्यं वेगळ्या कप्प्यांत, दाणा फुटून पाणी लागलं की एकत्र. कांद्याचा आणि मोहरीचा वंश एकमेकांपासून फार दूर, तरी दोघांनी आपापली तीच युक्ती शोधली. फेसलेल्या मोहरीत कांद्याच्या फोडी कालवतो तेव्हा आपण अशी दोन हत्यारं एका वाडग्यात घालतो.

आता ती मराठी रीत: कांदा-लसूण मसाला. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे याला सरळ चटणीच म्हणतात. ही वर्षाची चटणी म्हणजे माझ्या मते कांद्याचं या मातीतलं सगळ्यात मोठं टिकवण. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवर जुन्या सुती साड्या पसरतात, त्यावर उभा चिरलेला कांदा. दोन-तीन कडक उन्हांत त्यातलं पाणी उडतं आणि किलोभर कांद्याचे जेमतेम सव्वाशे ग्रॅम उरतात, मोडला तर कट्‌ आवाज करणारे. मग ते तेलात तांबूस तळायचे. सुकं खोबरं, तीळ, धणे, जिरं, खसखस, दगडफूल, नागकेशर, हळकुंड, प्रत्येक वेगळं भाजून किंवा तळून. मिरची संकेश्वरी आणि ब्याडगी, तिखट हवं त्यांना लवंगी. डबे भरून सगळं डंकावर न्यायचं.

डंक चालू असतो तिथे दहा पावलांवरूनच ठसका लागतो. लोखंडी मुसळं आळीपाळीने उखळात पडत असतात, बायका नाकाला पदर लावून आपल्या पाळीला उभ्या असतात, आणि नजर उखळावर, आपल्या चटणीत आधीच्या कोणाची मिसळू नये म्हणून. आधी मिरची, मग खडा मसाला, मग खोबरं-तीळ, शेवटी कांदा, लसूण आणि खडे मीठ. कांदा पडला की उखळातल्या पुडीचा नूर बदलतो. इतका वेळ उडणारी ती लाल भुकटी तेलकट, जड, ओलसर दिसायला लागते. ओंजळीत दाबली तर मूठ वळते. ओलसर दिसते, पण ओल नसते, तेल असतं. लसूण मात्र कच्चा आणि खरंच ओला, म्हणून मीठ सढळ हाताने. जेवढं थोडं पाणी उरलं असेल ते मीठ धरून ठेवतं, जीवाणूला घोटभरही मोकळं मिळत नाही.

या चटणीने एरवीचा साधा रस्सा मटणाच्या रश्श्यासारखा का लागतो, त्याचं उत्तर शोधायला रसायनशास्त्रज्ञांना या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत थांबावं लागलं. कांदा चिरल्यावर जे अश्रुद्रव्य तयार होतं ते फार काळ टिकत नाही. ते मोडून प्रोपॅनाल निघतं, त्याचे दोन रेणू जुळतात, त्यात गंधक शिरतं आणि मांसाच्या रश्श्याचा गडद वास असलेलं एक द्रव्य तयार होतं, इतकं तीव्र की त्याचा अंशही नाकाला पुरतो. ते व्हायला कांदा आधी कापलेला हवा आणि त्याला वेळ मिळालेला हवा. सिरक्याच्या बरणीत आपण जी साखळी पहिल्याच कडीवर तोडली, ती इथे चिरलेल्या कांद्यात पुढे जाऊ दिली जाते. त्यावर तळताना साखर आणि अमिनो आम्लांनी मिळून आणलेला तांबूसपणा आणि खमंगपणा. कांद्यात पिष्ट जवळपास नसतंच. तो साखर फ्रुक्टॅनच्या लांब साखळ्यांत साठवतो आणि त्या तुटल्या की गोडी सुटते. कांद्याचा साखरेतला मुरांबा करतात तो याच गोडीवर, पण मला त्याचं फारसं कौतुक नाही. मसाला त्याच्या कितीतरी पुढे आहे.

बरणी चिनी मातीची, कोरडी ठणठणीत, उन्हात तापवलेली. चटणी मुठीने दाबून भरायची, मध्ये हवेचा पोकळ खिसा राहता कामा नये. थरांमध्ये हिंगाचे खडे, वर मिठाचा पातळ थर, तोंडाला कापड बांधून झाकण. मिरचीचा लाल रंग हवेने आणि उजेडाने फिका पडतो, तेल खवट होतं. म्हणून रोजच्या वापराची चटणी लहान डब्यात काढून घ्यायची, मोठी बरणी पंधरा दिवसांतून एकदाच उघडायची, आणि चमचा नेहमी कोरडा. घराघरात प्रमाण निराळं, कोणाकडे मिरचीच्या निम्मा कांदा, कोणाकडे बरोबरीने. कांदा जितका जास्त तितका रस्सा दाट आणि तितकी वाळवण, तळण कडक करावी लागते. ज्यांना यंदा पहिल्यांदाच करायची आहे त्यांनी मिरचीच्या पाव हिश्शाने कांदा घ्यावा, आणि तो दोन उन्हं जास्तच द्यावीत.